वाबानाकींच्या होड्या: अवशेष नसताना पुरावा कुठे शोधायचा

पुरातत्त्वात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे: "मौखिक परंपरा पुरावा म्हणून वापरता येतात का, यावर मला सेमिनार द्यायचा आहे. उदाहरण म्हणून उत्तर अमेरिकेतल्या वाबानाकी लोकांच्या होड्या घेतल्या आहेत. पण सर म्हणतात, उत्खननात होड्याच सापडत नाहीत, मग नुसत्या गोष्टींवर काय सिद्ध करणार? त्यांचे बरोबर आहे का?"

सरांचे पहिले म्हणणे जवळजवळ बरोबर आहे, दुसरे नाही. नौकांचे पुरातत्त्व करून मला वीसहून अधिक वर्षे झाली, त्यातले बरेच उन्हाळे अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर गेले. त्या अनुभवावरून सांगतो. मौखिक परंपरा म्हणजे फक्त गोष्टी, असे धरले की हा विषय सुरुवातीलाच अडतो. वाबानाकी होड्यांबद्दलची सगळ्यात भक्कम मौखिक परंपरा गोष्टींत नाही, ती कामात आहे. साल कशी निवडायची, मूळ कसे चिरायचे, राळेत चरबी किती घालायची, हे तोंडाने सांगत आणि हाताने दाखवत पुढे आलेले ज्ञान. ते कळले की होडी नसलेल्या वस्तूंतही होडी दिसायला लागते.

आधी थोडी ओळख. वाबानाकी म्हणजे 'पहाटेच्या भूमीतले लोक'. पेनॉब्स्कॉट, पासामाक्वॉडी, वोलास्तोकियिक म्हणजेच मालिसीट, मिकमाक आणि अबेनाकी अशी ही राष्ट्रे. आजच्या अमेरिकेतले मेन आणि आसपासची राज्ये, कॅनडातले न्यू ब्रन्सविक, नोव्हा स्कॉशिया, क्विबेकचा काही भाग हा त्यांचा मुलूख. नद्या, तळी आणि बेटांनी भरलेला किनारा. इथे घर सोडले की होडीत बसायचे.

त्यांची नावाजलेली होडी भूर्जाच्या सालीची. आपल्याकडे हिमालयातल्या ज्या झाडाच्या सालीवर पोथ्या लिहिल्या, त्याचीच ही तिकडची बहीण. वाबानाकींनीही या सालीवर खुणा कोरल्या, नकाशे काढले. अबेनाकी भाषेत अशा लिखाणाला 'अविखिगन' म्हणतात. होडीसाठी एकाच मोठ्या झाडाची सलग साल काढतात आणि तिची पांढरी बाजू आत, तांबूस बाजू बाहेर ठेवतात. पांढऱ्या सीडरच्या पातळ पट्ट्यांचे अस्तर, सीडरच्याच वाकवलेल्या बरगड्या, शिवणीला काळ्या स्प्रूसची मुळे, आणि सांधे बुजवायला स्प्रूसची राळ. जुन्या पद्धतीच्या होडीत खिळा नाही.

आता ही यादी पुरातत्त्वाच्या नजरेने वाचा. साल, लाकूड, मूळ, राळ. यातले एकही मेनच्या आम्लधर्मी मातीत टिकत नाही. त्या मातीत हाडेसुद्धा विरघळतात. शिंपल्यांच्या ढिगांत चुन्यामुळे वाचतात तेवढीच. दुसरी अडचण समुद्राची. साधारण १२,५०० वर्षांपूर्वी इथली समुद्रपातळी आजच्यापेक्षा सुमारे ६० मीटर खाली होती, म्हणजे सगळ्यात जुने किनारे आज पाण्याखाली आहेत. शिंपले काढणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्यांतून समुद्रतळावरची दगडी हत्यारे वर आली आहेत. होड्या सापडत नाहीत यावरून होड्या नव्हत्या असे म्हणता येत नाही. हे सेमिनारमध्ये अगदी सुरुवातीलाच स्पष्ट करा.

मग उरते काय? नॉर्थ हेवन बेटावर 'टर्नर फार्म' नावाचे स्थळ आहे. १९७०च्या दशकात ब्रूस बूर्क यांनी तिथे मोठे उत्खनन केले. सुमारे साडेचार ते पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या थरांत स्वोर्डफिशचे अवशेष निघाले. या माशाची चोच तलवारीसारखी लांब असते. तो किनाऱ्यालगत जाळ्यात येणारा मासा नाही. उन्हाळ्यात तो खुल्या समुद्रात पृष्ठभागाशी येऊन पडतो, तेव्हा होडी हळूच जवळ नेऊन हारपूनने, म्हणजे दोर बांधलेल्या भाल्याने, मारावा लागतो. जखमी झाला तर उलटून चोचीने होडी भोसकतो. म्हणजे ज्यांनी तो मारला, त्यांच्याकडे खुल्या पाण्यात तग धरणारी होडी होती, आणि ती धरून ठेवणारी, एकमेकांना सरावलेली माणसेही होती.

याच काळातल्या दफनांत दगडाच्या पटाश्या मिळतात, गोल धारेच्या. अशी एक पटाशी मी हातात धरली आहे. पाठ गुळगुळीत, पोटाला लांब पन्हळ, आणि धारेवरून बोट फिरवले तर आजही कातडीला जाणवते. अशा हत्याराने फळीला भोक पाडत नाहीत, ओंडका पोखरतात. स्वोर्डफिश, पटाशी आणि बेटावरची वस्ती एकत्र ठेवल्या की ओंडक्यातून कोरलेली जाड, जड डोण हेच उत्तर जवळचे वाटते. पुढच्या काळात या पटाश्या दिसेनाशा होतात. त्यावरून काही अभ्यासक मांडतात की, त्या सुमाराला डोण मागे पडली आणि सालीची हलकी होडी पुढे आली. मला हे आकर्षक वाटते, पण पूर्ण पटत नाही.

न पटायचे कारण मेनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या केप पॉरपॉइझला सापडले. २०१८ मध्ये तिथल्या भरती-ओहोटीच्या चिखलात एका कोरीव डोणीचा भाग दिसला, पुढच्या वर्षी तो बाहेर काढला. कार्बन कालमापनाने तिचा काळ इ.स. १२८० ते १३८० असा आला. मेनमध्ये सापडलेली ही सर्वात जुनी डोण. म्हणजे 'आधी डोण, मग साल' अशी सरळ रांग नाही, दोन्ही एकाच मुलखात नांदत होत्या. १६०५ मध्ये सॅम्युएल शाम्प्लेन या फ्रेंच प्रवाशाने या किनाऱ्याने दक्षिणेकडे जाताना नोंदवले की पुढे सालीच्या होड्या संपतात आणि एका लाकडात कोरलेल्या, सहज कलंडणाऱ्या होड्या दिसू लागतात. केप पॉरपॉइझ त्या बदलाच्या पट्ट्याच्या जवळच येते. पाण्यात भिजलेले असे लाकूड बाहेर आल्यावर वाळू दिले तर काही दिवसांत तडकते, म्हणून ते आधी गोड्या पाण्याच्या टाकीत ठेवावे लागते. लाकडाच्या होड्या इतक्या कमी का मिळतात, याचे हेही एक कारण. कुणाला दिसली आणि त्याने कौतुकाने घरी नेली, तर ती गेलीच.

आता गोष्टींकडे येतो. ग्लुस्काबे हा वाबानाकींचा संस्कृतिनायक. त्याची एक गोष्ट पेनॉब्स्कॉट लोक सांगतात. तो एका प्रचंड मूसचा, म्हणजे तिकडच्या मोठ्या हरणाचा, पाठलाग करतो. मूसहेड तळ्याच्या परिसरातून निघतो आणि पार पेनॉब्स्कॉट उपसागरापर्यंत येतो. काही आवृत्त्यांत तळ्यातला किनिओ डोंगर म्हणजे मारलेल्या मूसचे शरीर. उपसागराच्या पूर्व काठावरचे केप रोझिअर हे भूशिर म्हणजे मूसचा पार्श्वभाग, आणि तिथल्या खडकातला पांढरा पट्टा म्हणजे त्याची आतडी.

ही गोष्ट ऐकून 'किती वर्षे जुनी?' असा प्रश्न मी विचारत नाही. मी विचारतो, 'कुठून कुठे?' उगमाकडच्या तळ्यापासून खाऱ्या पाण्यापर्यंत, ओळीने, लांबून ओळखू येणाऱ्या जागा. होडीतून जाणाऱ्या माणसाला जे दिसते तेच या गोष्टीत आहे. मुलाला ती पाठ झाली की वाट पाठ झाली.

पुरातत्त्व इथे स्वतंत्रपणे येऊन भेटते. किनिओचा ऱ्हायोलाइट हा हिरवट-करडा, बारीक कणांचा दगड, हत्यारांसाठी उत्तम, आणि त्याची हत्यारे मेनभर सापडतात. गोष्टीतला डोंगर आणि दगडाची खाण एकच. पण सावध राहा. हिमयुगातल्या हिमनद्यांनी किनिओचे गोटे आग्नेयेला किनाऱ्यापर्यंत वाहून नेले आहेत. किनाऱ्यावर मिळालेले प्रत्येक हत्यार होडीतून आले असे नाही. काहींचा दगड त्यांना तिथेच मिळाला असेल. 'गोष्ट खरी ठरली' असे सेमिनारमध्ये लिहू नका. 'गोष्टीतली जागा आणि दगडाचा उगम जुळतात, वाहतुकीचा प्रश्न वेगळा तपासायला हवा' असे लिहा.

केप रोझिअर हे नाव जेम्स रोझिअर या इंग्रजाचे. १६०५ मध्ये जॉर्ज वेमथच्या जहाजावर तो बखरकार म्हणून आला होता. त्याने लिहून ठेवले की या होड्या लोखंडाशिवाय, भूर्जाच्या सालीच्या, आत लाकडी बरगड्यांनी भक्कम केलेल्या आहेत आणि सात-आठ माणसे नेतात. होड्यांच्या ताफ्याने देवमासा कसा मारतात, याचेही त्याने वर्णन केले आहे. पाच वाबानाकी माणसांना पकडून त्या जहाजाने इंग्लंडला नेले, सोबत त्यांच्या दोन होड्याही नेल्या. रोझिअरचा मजकूर वापरताना मी हे दर वेळी त्याच परिच्छेदात लिहितो. ज्याने होडीची तारीफ केली त्याच्याच जहाजावर होडीचे मालक कैदी होते. लेखी साधन म्हणून ते आपोआप निर्मळ ठरत नाही, त्यालाही तोंडी साधनाइतकेच प्रश्न विचारायचे.

त्याआधी तीन वर्षांची एक नोंद मला फार आवडते. मे १६०२, बार्थोलोम्यू गॉस्नोल्डचे जहाज मेनच्या दक्षिण किनाऱ्याला पोचले. त्यांना वाटले, आपण नव्या मुलखात आलो. समोरून शीड लावलेली, युरोपातल्या बास्क खलाशांच्या पद्धतीची एक होडी आली, तिच्यात आठ स्थानिक माणसे. काहींच्या अंगावर युरोपी कपडे. त्यांनी न्यूफाउंडलंडमधल्या प्लासेंशियाचे नाव घेतले आणि एकाने खडूने आसपासच्या किनाऱ्याचा नकाशा काढून दाखवला. अभ्यासक त्यांना बहुधा मिकमाक मानतात. परकी नौका घेऊन ती शेकडो मैल हाकणे एका मोसमात शिकता येत नाही, त्यामागे समुद्राची जुनी ओळख लागते. मिकमाकांच्या समुद्री होडीचा काठ मध्यभागी उंच उचललेला असतो. आडवी लाट आत येऊ नये आणि एका बाजूने ओझे ओढून घेताना पाणी शिरू नये, म्हणून. इतर वाबानाकींच्या होडीत हा आकार इतका ठळक नाही. नोव्हा स्कॉशियातल्या केजिमकुजिक इथे स्लेटच्या खडकांवर होड्या आणि शिडाची जहाजे कोरलेली आहेत. मेनमधल्या मचायस उपसागराच्या खडकांवरही एक युरोपी जहाज आहे. त्या कोरीव खडकांची एक महत्त्वाची जागा २००६ मध्ये पासामाक्वॉडींना परत मिळाली.

युरोपी जहाज पहिल्यांदा दिसले, तीही गोष्ट मिकमाकांनी सांभाळली आहे. १८६९ मध्ये जोसाया जेरेमी यांनी सायलस रँड या मिशनऱ्याला ती सांगितली. एका मुलीला स्वप्न पडते: एक लहानसे बेट तरंगत किनाऱ्याकडे येते आहे, त्यावर उंच झाडे आहेत आणि जिवंत प्राणी आहेत. दुसऱ्या दिवशी तसे बेट खरेच येते. झाडे म्हणजे डोलकाठ्या, आणि फांद्यांवर अस्वले वाटली ती माणसे. आता हे पाहा: १६३४ मध्ये, म्हणजे सव्वादोनशेहून अधिक वर्षे आधी, विल्यम वुड याने मॅसॅच्युसेट्समधल्या स्थानिकांकडून ऐकून लिहिले की पहिले जहाज त्यांना चालते बेट वाटले होते आणि डोलकाठी झाड. दोन वेगळे समाज, दोन वेगळी शतके, प्रतिमा तीच. याचा अर्थ अमुक दिवशी अमुक जहाज आले, असा निघत नाही. पहिल्या भेटीची आठवण एका ठरलेल्या रूपात जपली गेली, एवढे मात्र ठामपणे म्हणता येते.

संकलन करणाऱ्यांबद्दल एक इशारा. १८८४ मध्ये चार्ल्स लेलँडने या कथा छापल्या आणि त्यांत नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या लोकांच्या, पुराणांचा प्रभाव आहे असे ठरवले, कारण इतक्या चांगल्या कथा इथल्या लोकांनी रचल्या असतील हे त्याच्या मनाला पटेना. जोसेफ निकोलर हे स्वतः पेनॉब्स्कॉट. त्यांनी १८९३ मध्ये आपल्या लोकांची परंपरा स्वतः लिहून छापली. दोन्ही वाचा, पण एका तराजूत घालू नका. नॉर्स प्रभावाचे हे वेड पुढेही ओसरले नाही. १९५७ मध्ये मेनमधल्या ब्रूकलिन गावाजवळच्या गोडार्ड स्थळावर एक नाणे मिळाले, ते पुढे नॉर्वेच्या ओलाफ क्यीरे राजाचे (इ.स. १०६७ ते १०९३) ठरले. ते तिथे खरोखर जमिनीतच होते का, यावर अजून वाद आहे. वर्तमानपत्रांना नाणे हवे असते. त्याच स्थळावर उत्तर लॅब्राडोरच्या रामा उपसागरातला चर्ट दगड मिळाला आहे, आणि माझ्या मते पाहण्यासारखा तो आहे. तो दगड दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतरावरून, हातोहाती, होडीहोडीने खाली आला. तो आणायला नॉर्स माणसाची गरज नव्हती.

ग्लुस्काबेने राक्षसी बीव्हर (पाण्यात बांध घालणारा, लाकूड कुरतडणारा प्राणी) मारला या कथेवरून 'हिमयुगातल्या महाकाय बीव्हरची ही दहा हजार वर्षांची आठवण' असे बरेच जण लिहितात. मी लिहीत नाही. मोठी हाडे नंतरही कुणाला सापडू शकतात आणि गोष्ट त्यावरून सुचू शकते. जे तपासता येत नाही ते सेमिनारमध्ये तसेच सोडून द्या, त्याने गोष्टीचा मान कमी होत नाही.

आता ज्याला मी सगळ्यात भक्कम परंपरा म्हटले त्या कामाकडे वळतो. स्प्रूसचे मूळ चिरताना मी पहिल्यांदा पाहिले ते शेवाळाच्या दलदलीच्या कडेला. जमिनीलगत सरळ गेलेले, दोरीसारखे लांब मूळ. करणाऱ्याने टोकाला चाकूने खाच दिली, एक अर्धा दातात धरला, दुसरा हातात, आणि ओढत गेला. चीर एका बाजूला सरकायला लागली की जाड बाजू जास्त वाकवायची, चीर आपोआप मध्यावर परत येते. हे वाक्य त्याने एकदाच सांगितले. मग माझ्या हातात मूळ दिले. तिसऱ्या मुळाला कुठे चीर सरळ गेली. सालीचेही तसेच. झाड पाडण्याआधी सालीचा छोटा तुकडा काढून दुमडायचा, तिच्यावरच्या आडव्या रेघांशी ती फाटली तर झाड सोडून पुढे जायचे. राळ वितळवून तिची पट्टी गार पाण्यात बुडवायची, वाकवायची. तडकली तर चरबी कमी, बोटाला चिकटली तर जास्त.

हे ज्ञान नसेल तर काय होते, ते एका संग्रहालयाच्या कोठारात पाहिले. एकोणिसाव्या शतकातली सीडरची एक पातळ फळी, वर अरुंद, मध्ये खांद्यासारखी रुंद, खाली खाच. नोंदवहीत लिहिले होते, 'विधीची वस्तू, बहुधा मानवाकृती'. होडी बांधणाऱ्या एका वाबानाकी गृहस्थांनी ती उचलली, उलटी केली आणि म्हणाले, ही होडीच्या टोकात उभी बसते, सालीला आतून ताण देते. चाळीसएक वर्षे त्या फळीला नुसता क्रमांक होता. आपल्या विषयात वस्तू कळली नाही की तिला 'विधीची' म्हणण्याची जुनी खोड आहे आणि तिने फार नुकसान केले आहे.

हे काम टिकवण्यात टॅपन ॲडनी या अमेरिकन चित्रकार-लेखकाचा वाटा मोठा. १८८०च्या दशकाच्या अखेरीस न्यू ब्रन्सविकमधल्या वुडस्टॉकजवळ, पीटर जो या मालिसीट कारागिराकडे ते तरुणपणी शिकले. पुढे आयुष्यभर मोजमापे घेतली, एकास पाच प्रमाणात शंभराहून अधिक प्रतिकृती केल्या. त्यांच्या टिपणांचे पुस्तक हॉवर्ड शॅपेल यांनी पुरे करून १९६४ मध्ये आले, ॲडनी वारल्यावर चौदा वर्षांनी. पण पुस्तकाने परंपरा वाचवली असे म्हणणे चूक. डेव्हिड मोझेस ब्रिजेस हे पासामाक्वॉडी कारागीर २०१७ मध्ये वारले. त्यांना या कामाची ओढ पणजोबा सिल्व्हेस्टर गेब्रियल यांच्यामुळे लागली. पुस्तके, जुन्या होड्या आणि घरातली आठवण, तिन्ही त्यांच्या कामी आली.

जुन्या होड्या फार थोड्या उरल्या. मेनमधल्या ब्रन्सविक गावातल्या पेजेप्स्कॉट या इतिहास संस्थेकडे १८८९ पासून असलेली एक होडी वर्षानुवर्षे कोठारात पडून होती. कालमापनाने ती १७२९ ते १७८९ च्या दरम्यानची निघाली. दुसरी आयर्लंडमध्ये होती. १८२०च्या दशकातली मालिसीट होडी, गॉलवेच्या विद्यापीठात छताला टांगलेली. दुरुस्त होऊन ती परत आली तेव्हा तिच्या लोकांनी तिला 'आजोबा आक्वितेन' म्हटले. आक्वितेन म्हणजे होडी. प्रदर्शनातल्या वस्तूला कुणी आजोबा म्हणत नाही, आणि अशा होडीवरून कालमापनासाठी तुकडा कापायचा तर आधी परवानगी मागावी लागते. मागावीच.

कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी सरांना दाखवा. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने, मानवी अवशेष आणि वस्तू कोणत्या जमातीच्या हे ठरवताना, मौखिक परंपरा हा पुराव्याचा एक मान्य प्रकार आहे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या डेलगामूक्व खटल्यात मौखिक इतिहासाला लेखी कागदांच्या बरोबरीची जागा देण्यास सांगितले. तो खटला कॅनडाच्या पश्चिमेकडच्या लोकांचा होता, वाबानाकींचा नव्हे, हेही नमूद करा.

सेमिनारसाठी माझा सल्ला असा. प्रत्येक कथेशेजारी लिहा: कुणी सांगितली, कुणाला, कोणत्या भाषेत, कोणत्या साली. मग तिच्यातली तपासता येणारी गोष्ट वेगळी काढा: जागा, दगड, मासा, होडीचा आकार. सुरुवात टर्नर फार्मच्या स्वोर्डफिशने करा. एकही होडी न सापडता होडी सिद्ध होते याचे त्याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. त्यानंतर मुळाची चीर सांगा. जमले तर कुठलेही लवचीक मूळ घेऊन वर्गात एक चिरूनच दाखवा. सर नक्की विचारतील की यात पुरावा कुठे आहे. तेव्हा त्यांच्या हातात दुसरे मूळ द्या.